त्रिकोणमितीय समीकरण: दिलेल्या पल्ल्यातली एकही उकल सुटू नये म्हणून

२ साइन ३क्ष = १ हे समीकरण, आणि पल्ला ० ते ३६० अंश. साइन ३क्ष म्हणजे अर्धा, अर्धा म्हणजे ३०°, म्हणून क्ष = १०°. थोडा सराव झालेला विद्यार्थी १८० वजा ३० करून १५०° काढतो आणि ५०° सुद्धा लिहितो. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत आणि तरीही प्रश्न चुकलेला आहे. या पल्ल्यात उकली सहा आहेत: १०°, ५०°, १३०°, १७०°, २५०°, २९०°.

दहावीपर्यंत त्रिकोणमिती काटकोन त्रिकोणात राहते. कोन ९०° च्या आतला, एका किमतीला एकच कोन, आणि उत्तर म्हणजे एकच आकडा. अकरावीत कोन मोकळा सुटतो: ९०° ओलांडतो, उलटा फिरतो, कितीही फेऱ्या मारतो. परभणी-हिंगोलीकडून लातूर-नांदेडला शिकायला आलेल्या नव्या मुलाला सूत्रं बहुतेक वेळा पाठ असतात. नडते ती जुनी सवय: एक उत्तर मिळालं की पेन खाली ठेवायचा. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात ० ≤ क्ष < २पाय या पल्ल्यातल्या उकलींना मुख्य उकली म्हटलंय. जेईईत पल्ला काहीही असू शकतो. पद्धत एकच.

हाताशी काय हवं

पाच कोनांच्या किमती तोंडपाठ हव्यात. ०°, ३०°, ४५°, ६०°, ९०° या क्रमाने साइनच्या किमती √०/२, √१/२, √२/२, √३/२, √४/२. म्हणजेच ०, १/२, १/√२, √३/२, १. कॉससाठी हीच ओळ उलटी वाचायची. साइनला कॉसने भागलं की टॅन: ०, १/√३, १, √३, आणि ९०° ला टॅन अस्तित्वातच नाही. ही शेवटची गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

पल्ला अंशात दिला असेल तर उत्तर अंशात, रेडियनमध्ये दिला असेल तर रेडियनमध्ये. १८०° म्हणजे पाय रेडियन. "क्ष = पाय/६ + ३६०" असं अर्धं धोतर अर्धी पँट लिहिलेलं वहीत बऱ्याचदा दिसतं; ते सरळ चूक धरलं जातं.

जेईई मेन आणि एमएचटी-सीईटीला कॅल्क्युलेटर चालत नाही. घरी पडताळणीसाठी वापरत असाल तर आधी साइन ३० दाबून बघा. ०.५ आलं तर यंत्र अंशात आहे. उणे ०.९८८ आलं तर रेडियनमध्ये, आणि ०.४५४ आलं तर ग्रेडियनमध्ये, ज्याची आपल्याला कधीच गरज पडत नाही.

एका किमतीला दोन कोन का

त्रिज्या १ असलेलं वर्तुळ काढा, केंद्र आरंभबिंदूवर. उजवीकडच्या क्ष-अक्षापासून घड्याळाच्या उलट दिशेने कोन मोजायचा. कोनाची भुजा वर्तुळाला जिथे टेकते त्या बिंदूची उंची म्हणजे साइन, आडवं अंतर म्हणजे कॉस, आणि त्या रेषेचा चढ म्हणजे टॅन. एवढं डोळ्यासमोर आणलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही.

साइन १/२ आहे, म्हणजे उंची अर्धी. अर्ध्या उंचीवर आडवी रेघ मारा. ती वर्तुळाला दोन ठिकाणी छेदते, एकदा उजवीकडे ३०° वर आणि एकदा डावीकडे १५०° वर. म्हणून पहिला कोन अ असेल तर साइनचा जोडीदार कोन १८०° − अ. कॉससाठी उभी रेघ मारायची. ती वर आणि खाली छेदते, म्हणून जोडीदार −अ, म्हणजेच ३६०° − अ. टॅन हा चढ असल्यामुळे तीच रेषा केंद्रापलीकडे वाढवली की दुसरा बिंदू मिळतो: १८०° + अ.

यातून तीन ओळी निघतात. म हा कोणताही पूर्णांक, धन, ऋण किंवा शून्य.

साइन: अ + ३६०°म आणि १८०° − अ + ३६०°म
कॉस: अ + ३६०°म आणि −अ + ३६०°म
टॅन: अ + १८०°म

टॅनला एकच ओळ पुरते, कारण तो अर्ध्या फेरीतच पुन्हा तसाच होतो. टॅनसाठी सवयीने ३६०° मिळवणाऱ्याच्या अर्ध्या उकली बसल्या जागी जातात.

साइन किंवा कॉसची किंमत १ किंवा −१ असेल तर रेघ वर्तुळाला फक्त टेकते. मग फेरीत एकच कोन. साइन क्ष = १ ला ९०° आणि १८० − ९० = पुन्हा ९०°. तीच उकल दोनदा मोजू नका.

किंमत ऋण असेल तर चिन्ह बाजूला ठेवून आधी ० ते ९० मधला संदर्भकोन काढा, आणि मग चरण ठरवा. पहिल्या चरणात सगळे धन, दुसऱ्यात फक्त साइन, तिसऱ्यात टॅन, चौथ्यात कॉस. साइन क्ष = −१/२ असेल तर संदर्भकोन ३०°, साइन ऋण तिसऱ्या आणि चौथ्या चरणात, म्हणून २१०° आणि ३३०°. कॅल्क्युलेटर इथे −३०° दाखवतो. ते चूक नाही, पण ० ते ३६० च्या पल्ल्यात बसत नाही. त्यात ३६० मिळवले की ३३०° येतात. "पल्ल्यात नाही" म्हणून −३०° खोडून टाकला आणि ३६० मिळवायचं राहिलं, तर हातातली उकल आपणच फेकलेली असते.

पल्ला आधी बदला

आता सुरुवातीचं समीकरण घेऊ. साइनच्या आत नुसता क्ष नाही, ३क्ष आहे. म्हणून ३क्ष ला य म्हणा, आणि कोणताही कोन काढण्याआधी यचा पल्ला लिहा.

० ≤ क्ष < ३६०°, म्हणून ० ≤ य < १०८०°.

१०८०° म्हणजे पूर्ण तीन फेऱ्या. साइन य = १/२ ला प्रत्येक फेरीत दोन कोन. म्हणजे सहा उकली येणार, हे आकडेमोड सुरू करण्याआधीच कळलं. आता यादी:

पहिली फेरी ३०°, १५०°
दुसरी फेरी ३९०°, ५१०°
तिसरी फेरी ७५०°, ८७०°

सगळ्यांना ३ ने भागा: १०°, ५०°, १३०°, १७०°, २५०°, २९०°.

चूक नेमकी कुठे होते? विद्यार्थी ३०° ला आधी ३ ने भागतो, १०° काढतो, मग त्यात ३६०° मिळवतो. ३७०° आले, पल्ल्याबाहेर, म्हणून थांबतो. पण ३६०° हा यचा फेरा आहे, क्षचा नाही. यला ३६०° लागतात तेव्हा क्ष फक्त १२०° सरकतो. म्हणून फेरा आधी मिळवायचा, भागाकार सगळ्यात शेवटी. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

आता जरा वाकडा पल्ला. २ कॉस (२क्ष − ६०°) = −√३, आणि −१८०° ≤ क्ष ≤ १८०°.

य = २क्ष − ६०°. टोकं एकेक करून बदला: क्ष = −१८० ला य = −४२०, क्ष = १८० ला य = ३००. म्हणून −४२०° ≤ य ≤ ३००°. लांबी ७२०°, दोन फेऱ्या, चार उकलींची अपेक्षा.

कॉस य = −√३/२. संदर्भकोन ३०°, कॉस ऋण दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात, म्हणजे १५०° आणि २१०°. दोन्ही पल्ल्यात आहेत. त्यांत ३६०° मिळवले तर ५१०° आणि ५७०°, दोन्ही बाहेर. ३६०° वजा केले तर −२१०° आणि −१५०°, दोन्ही आत. आणखी ३६०° वजा केले तर −५७०° आणि −५१०°, बाहेर. दोन्ही दिशांना एकेक पाऊल पल्ल्याबाहेर पडेपर्यंत चाला. बाहेर पडल्याशिवाय थांबू नका. ऋण बाजूकडे पाहायचंच राहून जाणं हे इथलं नेहमीचं दुखणं.

य = −२१०°, −१५०°, १५०°, २१०°. उलट येताना आधी ६० मिळवायचे, मग २ ने भागायचं: क्ष = −७५°, −४५°, १०५°, १३५°. चार आल्या, अपेक्षा जुळली.

उलट प्रकारही असतो. टॅन (क्ष/२) = √३, पल्ला ० ≤ क्ष < २पाय. इथे य = क्ष/२ चा पल्ला आखडून ० ते पाय झाला. टॅनचा फेरा पाय, म्हणून उकल एकच: य = पाय/३, क्ष = २पाय/३. सवयीने दुसरी उकल शोधणाऱ्याला ८पाय/३ मिळते, आणि ती २पाय च्या पुढे आहे.

उकलींची संख्या मोजायचा हा ठोकताळा पल्ला पूर्ण फेऱ्यांचा असेल आणि एक टोक वगळलेलं असेल तेव्हा तंतोतंत लागू पडतो. दोन्ही टोकं धरलेली असतील आणि टोकावरच उकल असेल तर एक जास्त येते. अडीच फेऱ्यांचा पल्ला असेल तर शेवटची अर्धी फेरी हाताने तपासावी लागते, तिथे गुणाकारावर भरवसा नको.

समीकरण मोकळं करताना उकली कशा मरतात

वर साइन किंवा कॉस आधीच एकटा उभा होता. बहुतेक वेळा तसं नसतं, आणि त्याला एकटा पाडताना उकली हरवतात किंवा खोट्या उकली घुसतात. हरवण्याचं कारण भागाकार, घुसण्याचं कारण वर्ग.

साइन २क्ष = कॉस क्ष, पल्ला ० ≤ क्ष < ३६०°. साइन २क्ष = २ साइन क्ष कॉस क्ष लिहिलं की दोन्ही बाजूंना कॉस क्ष दिसतो आणि हात आपोआप काट मारतो. उरतं २ साइन क्ष = १, उकली ३०° आणि १५०°. पण कॉस क्ष शून्य असेल तर त्याने भागताच येत नाही, आणि शून्य असतो तेव्हा मूळ समीकरण खरं ठरतं: ० = ०. काट मारू नका, सगळं एका बाजूला आणा:

कॉस क्ष (२ साइन क्ष − १) = ०

पहिल्या अवयवातून ९०° आणि २७०°, दुसऱ्यातून ३०° आणि १५०°. एकूण चार. काट मारणाऱ्याने निम्म्या घालवल्या. आकड्याने भागायला काहीच हरकत नाही. ज्याच्यात क्ष आहे त्याने भागायचं नाही.

वर्ग समीकरणाचा प्रकार तसा सोपा. २ कॉस² क्ष + ३ साइन क्ष = ३ मध्ये दोन वेगळी गुणोत्तरं आहेत, म्हणून कॉस² च्या जागी १ − साइन² टाका. साइन क्ष ला स म्हटलं तर २स² − ३स + १ = ०, म्हणजे (२स − १)(स − १) = ०. स = १/२ पासून ३०°, १५०° आणि स = १ पासून ९०°. तीन उकली, विषम संख्या आली म्हणून घाबरू नये, ९०° वर रेघ नुसती टेकली आहे. २ कॉस² क्ष − ५ कॉस क्ष + २ = ० मध्ये मात्र कॉस क्ष = २ असा अवयव मिळतो. कॉस −१ ते १ च्या बाहेर जात नाही, म्हणून तो अवयव सोडायचा, पण "अशक्य" असा शेरा लिहून सोडायचा. दुसऱ्या अवयवातून कॉस क्ष = १/२, म्हणजे ६०° आणि ३००°.

आता वर्ग करण्याचा धोका. साइन क्ष + कॉस क्ष = १. दोन्ही बाजूंचा वर्ग केला तर १ + साइन २क्ष = १, म्हणजे साइन २क्ष = ०, आणि ० ते ३६० मध्ये ०°, ९०°, १८०°, २७०°. यातल्या १८०° ला डावी बाजू ० − १ = −१ येते, २७०° ला −१ + ० = −१. दोन्ही खोट्या. −१ चा वर्ग आणि १ चा वर्ग सारखाच, म्हणून साइन क्ष + कॉस क्ष = −१ या वेगळ्याच समीकरणाच्या उकली इथे शिरल्या. वर्ग केला असेल तर प्रत्येक उकल मूळ समीकरणात घालून बघणं सक्तीचं.

वर्ग टाळायचा असेल तर संयुक्त कोनाचा रस्ता चांगला. दोन्ही बाजूंना √२ ने भागा: साइन (क्ष + ४५°) = १/√२. य = क्ष + ४५°, पल्ला ४५° ≤ य < ४०५°. य = ४५° आणि १३५°, म्हणून क्ष = ०° आणि ९०°. पुढचा य ४०५° आहे आणि पल्ल्यात "पेक्षा लहान" हे चिन्ह असल्यामुळे तो बाहेर. प्रश्नात क्ष ≤ ३६०° असं असतं तर ४०५° आत आला असता आणि ३६०° ही तिसरी उकल झाली असती. एवढुशा आडव्या रेघेने उत्तर बदलतं, म्हणून प्रश्न उतरवून घेताना ती रेघ नीट बघा.

हाच रस्ता अ साइन क्ष + ब कॉस क्ष = क अशा कोणत्याही समीकरणाला चालतो. भागायचं √(अ² + ब²) ने. आणि क हा त्यापेक्षा मोठा असेल तर उकल नाहीच: ३ साइन क्ष + ४ कॉस क्ष कधीही ५ च्या वर जात नाही, मग = ६ लिहिलेलं असेल तर तिथेच विषय संपला.

टॅन, सेक, कोट, कोसेक असतील तर आणखी एक गाळणी लागते. टॅन २क्ष × टॅन क्ष = १ घ्या, ० ≤ क्ष < ३६०°. साइन-कॉसमध्ये लिहून छेद उडवले की कॉस २क्ष कॉस क्ष − साइन २क्ष साइन क्ष = ०, म्हणजे कॉस ३क्ष = ०. ३क्ष चा पल्ला ० ते १०८०°, म्हणून ९०°, २७०°, ४५०°, ६३०°, ८१०°, ९९०°; ३ ने भागून ३०°, ९०°, १५०°, २१०°, २७०°, ३३०°. सहा आल्या, मोजणी जुळली, सगळं छान. पण ९०° आणि २७०° ला टॅन क्ष अस्तित्वात नाही, छेद उडवताना आपण ते विसरलो. खऱ्या उकली चार: ३०°, १५०°, २१०°, ३३०°. अशा प्रश्नात पहिल्याच ओळीत "क्ष ≠ ९०°, २७०°" आणि टॅन २क्ष साठी "क्ष ≠ ४५°, १३५°, २२५°, ३१५°" लिहून ठेवावं. शेवटी आठवेल या भरवशावर राहू नये.

दोन्ही बाजूंना साइन असेल, जसं साइन ३क्ष = साइन क्ष, तर साइन उडवून ३क्ष = क्ष लिहिण्याचा मोह होतो. साइनला दोन ओळी आहेत हे इथेही तसंच लागू. ३क्ष = क्ष + ३६०°म, यातून क्ष = १८०°म. आणि ३क्ष = १८०° − क्ष + ३६०°म, यातून क्ष = ४५° + ९०°म. पल्ला ० ≤ क्ष ≤ १८०° असेल तर ०°, १८०°, ४५°, १३५°.

लातूरच्या डोक्यावर सूर्य कधी येतो

पल्ला बदलणं हे नुसतं परीक्षेचं कसब वाटत असेल तर हे उदाहरण शेवटपर्यंत सोडवून बघा. वर्षातून ज्या दिवशी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच मिटते, त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. हे घडतं सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला सूर्य किती अंश आहे तो कोन, त्या गावाच्या अक्षांशाएवढी होते तेव्हा. क्रांतीसाठी एक अंदाजी पण चांगलं सूत्र आहे:

क्रांती = २३.४५° × साइन [(३६०/३६५) × (२८४ + द)]

द म्हणजे वर्षातला कितवा दिवस; १ जानेवारीला द = १. लातूरचा अक्षांश साधारण १८.४°. तर समीकरण असं:

साइन य = १८.४ / २३.४५ = ०.७८४७, जिथे य = ०.९८६३ × (२८४ + द)

पल्ला १ ≤ द ≤ ३६५. आधी यचा पल्ला: द = १ ला ०.९८६३ × २८५ = २८१.१°, द = ३६५ ला ०.९८६३ × ६४९ = ६४०.१°. म्हणून २८१.१° ≤ य ≤ ६४०.१°.

साइन इन्व्हर्स दाबल्यावर यंत्र ५१.७° सांगतं. जोडीदार १८० − ५१.७ = १२८.३°. दोन्ही पल्ल्याबाहेर! पल्ला न बदलता पुढे गेलात तर ५१.७ ÷ ०.९८६३ = ५२.४, त्यातून २८४ वजा, दिवस उणे २३१.६. असं उत्तर आलं की मुलं सूत्र चुकलं म्हणून पान फाडतात. सूत्र ठीक आहे, एक फेरी मिळवायची राहिली आहे.

३६० मिळवा: ४११.७° आणि ४८८.३°. दोन्ही आत. आणखी ३६० मिळवले तर बाहेर. आता भागाकार:

४११.७ ÷ ०.९८६३ = ४१७.४, त्यातून २८४ गेले, द ≈ १३३
४८८.३ ÷ ०.९८६३ = ४९५.१, त्यातून २८४ गेले, द ≈ २११

एप्रिलअखेर १२० दिवस होतात, म्हणून १३३ वा दिवस १३ मे. जूनअखेर १८१, म्हणून २११ वा दिवस ३० जुलै. लीप वर्ष असेल तर मोजणी एका दिवसाने सरकते, आणि सूत्र अंदाजी असल्याने एखाद्या दिवसाचा फरक धरावा. सावली मिटते ती घड्याळात बाराला नव्हे: लातूर भारतीय प्रमाणवेळेच्या ८२.५° रेखांशापासून जवळजवळ ६° पश्चिमेला आहे, त्यामुळे मे महिन्यात खरी मध्यान्ह १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास होते.

उकली दोन आहेत, पण लोकांना मेचीच माहीत असते. जुलैअखेरीस आभाळ भरलेलं असतं, सावलीच पडत नाही. हेच समीकरण दिल्लीसाठी मांडलं तर २८.६ / २३.४५ = १.२२ येतं. साइन १ च्या वर जात नाही, म्हणून दिल्लीला शून्य सावली दिवस कधीच येत नाही. वर कॉस क्ष = २ ला "अशक्य" लिहून सोडलं होतं, त्याचा जमिनीवरचा अर्थ हा.

फक्त संख्या विचारली असेल तर

काही प्रश्नांत उकली नकोच असतात, किती आहेत एवढंच हवं असतं. साइन क्ष = क्ष/१० सारखं समीकरण कोणत्याही सूत्राने सुटत नाही; तिथे आलेख काढायचा. क्ष इथे रेडियनमध्येच घ्यायचा. साइन १ च्या वर जात नाही, म्हणून क्ष −१० ते १० च्या आतच शोधायचा. ३पाय म्हणजे ९.४२, हे लक्षात ठेवा. आरंभबिंदूतून तिरपी रेघ य = क्ष/१०. ती शून्यावर एकदा, ० ते पाय मधल्या कमानीवर एकदा, आणि २पाय ते ३पाय मधल्या कमानीवर दोनदा छेदते, कारण कमानीच्या माथ्यापाशी क्ष ७.८५ असतो आणि रेघेची उंची ०.७८५, म्हणजे माथ्याच्या खाली. उजवीकडे तीन, डावीकडे तीन, मध्ये शून्य: सात. शून्य मोजायला विसरणारे सहा लिहितात, आणि संख्यात्मक उत्तराच्या प्रश्नात सहाला अर्धे गुण नसतात.

हात बसवायला

पाच समीकरणं खाली आहेत. प्रत्येकाला आधी यचा पल्ला आणि अपेक्षित संख्या लिहा, मगच कोन काढा.

१. टॅन ३क्ष = −१, ० ≤ क्ष ≤ १८०°.
२. साइन क्ष = −१/२, −पाय ≤ क्ष ≤ पाय.
३. साइन क्ष टॅन क्ष = साइन क्ष, ० ≤ क्ष < ३६०°.
४. घरातला वीजदाब ३२५ साइन (१००पाय × ट) व्होल्ट असा बदलतो, ट सेकंदांत. ० ते ०.०४ सेकंदांत तो १६२.५ व्होल्ट केव्हा केव्हा असतो?
५. छत्रपती संभाजीनगरचा अक्षांश १९.८८° धरून तिथले शून्य सावली दिवस काढा.

उत्तरं. पहिल्यात ३क्ष चा पल्ला ० ते ५४०°; १३५°, ३१५°, ४९५° पासून क्ष = ४५°, १०५°, १६५°. दुसऱ्यात −पाय/६ आणि −५पाय/६. ७पाय/६ लिहिलं असेल तर पल्ला परत वाचा. तिसऱ्यात काट न मारता ०°, १८०°, ४५°, २२५°. चौथ्यात कोनाचा पल्ला ० ते ४पाय, दोन फेऱ्या; ट = १/६००, ५/६००, १३/६००, १७/६०० सेकंद. पाचव्यात साइन य = ०.८४७८, यंत्राचा कोन ५८.०°, एक फेरी मिळवून ४१८.०° आणि ४८२.०°, दिवस साधारण १४० वा आणि २०५ वा, म्हणजे १९-२० मे आणि २३-२४ जुलै.